जुन्या ४०७ ला वापरलेले इंजिन बसवताना

दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावातून जिनिंगपर्यंत कापूस पोहोचवण्यासाठी मी टाटा ४०७ ही एक जुनी छोटी मालवाहू गाडी वापरतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या दुपारी अकोल्याच्या रस्त्यावर तिचे इंजिन जाम झाले. हंगाम संपत आला होता, गाडीत दुसऱ्याचा माल होता आणि डोक्यावर ऊन होते. त्या घाईत मी आठ दिवसांत एक वापरलेले इंजिन आणले, बसवून घेतले आणि काम फत्ते झाले असे समजलो. ते इंजिन पाच महिन्यांत त्याच रोगाने गेले. त्यानंतर ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी ओढत नेली, त्यांनी बॉनेट उघडण्याआधी एवढेच विचारले, “भाऊ, पहिलं काहून गेलं, हे कोनी पाह्यलं काय?” कोणी पाहिले नव्हते. पुढे जे लिहिले आहे ते त्या प्रश्नाच्या उत्तरापासून सुरू होते, कारण गाडीतील एखादा दोष पहिल्या इंजिनाचा जीव घेऊन तेथेच बसून राहिला असेल, तर नव्याने आणलेले इंजिन कितीही चांगले असले तरी ते त्याच्याच ताब्यात जाते.

मेलेल्या इंजिनाचा पंचनामा

बिघडलेले इंजिन गाडीतून काढण्यापूर्वी त्याची तपासणी करावी. ते एकदा बाहेर निघून भंगाराच्या ढिगाशेजारी पडले की त्याच्याभोवतीचा पुरावाही विस्कटतो. सर्वप्रथम चेंबरमधील, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतील, ऑइल स्वच्छ पसरट भांड्यात काढून घ्यावे. ते दुधाळ, फेसाळ चहासारखे दिसत असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरले आहे, म्हणजे हेडचे (इंजिनाच्या वरच्या भागाचे) पॅकिंग उडाले आहे किंवा हेड अथवा ब्लॉक (सिलिंडर असलेले मुख्य अंग) तडकला आहे, असे समजावे. त्यानंतर ऑइल फिल्टर कापून आतील कागद वर्तमानपत्रावर पसरावा आणि उन्हात धरून पाहावा. तांबूस-सोनेरी चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर झिजून खालचा तांब्याचा थर उघडा पडला आहे. राखाडी-रुपेरी कण बेअरिंगचे किंवा पिस्टनचे असू शकतात. लोहचुंबकाला चिकटणारा कीस क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा), पिस्टनच्या रिंगा, लायनर (सिलिंडरची आतली नळी) किंवा गियर यांपैकी कशाचा तरी असतो. बेअरिंग ऑइलअभावी गेले असेल तर ऑइल पंपाची जाळी गाळाने बुजली होती का, हेही चेंबर उघडून पाहावे.

इंजिन तापून गेले असेल तर सगळा संशय पाण्याच्या वाटेवर घ्यावा, आणि आमच्या भागात तो बहुधा खरा ठरतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांचा जो पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो, तेथील विहिरींचे व बोअरचे पाणी पिकाला चालत नाही हे आपल्याला माहीत असते; परंतु तेच पाणी आपण रोज सकाळी मगाने रेडिएटरमध्ये ओततो. रेडिएटरमधील पाणी वाफ होऊन उडते, क्षार मात्र आतच राहतात, आणि घट भरून काढण्यासाठी ओतलेला प्रत्येक मग क्षारांची आणखी भर घालतो. माझ्या गाडीचा रेडिएटर मिस्त्रींनी वरची टाकी उघडून दाखवला तेव्हा नळ्यांच्या तोंडांवर चुन्यासारखा पांढरा थर बसलेला होता. त्यांनी सायकलची तार एकेका नळीत घालून पाहिली आणि निम्म्याहून अधिक नळ्यांत ती दोन बोटेसुद्धा उतरली नाही. दोन इंजिने मारणारा आरोपी तो होता.

रेडिएटर न उघडताही अंदाज घेता येतो. खालचा होज पाइप काढून वरून बादलीभर पाणी एकदम ओतावे. ते खालून जवळजवळ त्याच वेगाने बाहेर पडले पाहिजे. पाणी वर तुंबून ओसंडू लागले तर नळ्या बुजलेल्या आहेत. बाहेरच्या जाळीकडेही दुर्लक्ष करू नये. कापसाच्या गाड्यांमध्ये रुईचे तंतू आणि सोयाबीनच्या हंगामात मळणीचे कुटार जाळीच्या पाकळ्यांत अडकते व त्यावर ऑइलचा हात लागला की नमदाच तयार होतो. फॅन बेल्ट ढिला आहे का, वॉटर बॉडीची, म्हणजे पाण्याच्या पंपाची, पाती गंजून उरली आहेत का आणि रेडिएटरचे झाकण दाब धरते का, हे पाहावे. झाकण हरवल्यावर लाकडी बुच्याला चिंधी गुंडाळून ठोकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. झाकणाचे काम केवळ पाणी सांडू न देण्याचे नसते. ते दाब राखते आणि त्या दाबामुळे पाणी उशिरा उकळते.

पाणी तापले की रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या थर्मोस्टॅट व्हॉल्व्हविषयी मिस्त्रींमध्ये दोन पंथ आहेत. “आपल्या उन्हात तो कशाला पाहिजे,” असे म्हणून अनेक जण तो काढून फेकतात. माझे मत याच्या विरुद्ध आहे. अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढून टाकला तर ती वाट कायम उघडी राहते आणि काही पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात फिरत राहते. जुना व्हॉल्व्ह पातेल्यातील पाण्यात दोरीने सोडून पाणी तापवावे. उकळी येईपर्यंत तो पुरता उघडला नाही तर नवीन घ्यावा. त्याची किंमत एका डिझेल फिल्टरच्या आसपासची असते.

शेवटी तापमानाचा काटा पाहावा. माझ्या गाडीत तो गाडी घेतल्यापासून मेलेला होता आणि तो दुरुस्त करावा असे मला कधी वाटले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. काटा चालू असला तरी पाणी पूर्ण संपल्यावर त्याचा सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत लोंबकळतो आणि काटा खाली येऊ शकतो. चढलेला काटा अचानक उतरला म्हणून निर्धास्त होण्याऐवजी गाडी तत्काळ बाजूला घ्यावी.

बदलायचे की बांधायचे

पंचनामा झाल्यावर दुसरे इंजिन खरोखर हवे आहे का, हे ठरवावे. माझा सल्ला असा आहे की ब्लॉक शाबूत असेल तर आपलेच इंजिन बांधून घ्यावे. बोअर झिजले असतील तर लायनर-पिस्टनचा संच बदलता येतो, क्रँक घासून अंडरसाइज बेअरिंग घालता येते, हेडचे तोंड मशीनवर सपाट करता येते. खर्च वापरलेल्या इंजिनापेक्षा जास्त येतो, हे खरे आहे. परंतु आत काय घातले हे आपल्याला माहीत असते आणि ब्लॉकवरील इंजिन क्रमांक तोच राहत असल्यामुळे आरटीओचे काम उद्भवत नाही. हेड तडकले असेल किंवा क्रँक निकामी झाला असेल तर वापरलेल्या इंजिनातील तेवढाच भाग विकत घेऊन आपल्या ब्लॉकमध्ये बसवण्याचा मधला मार्गही आहे आणि तो फार थोडे लोक विचारात घेतात. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडले असेल, बेअरिंगचे घर जळून वेडेवाकडे झाले असेल किंवा ब्लॉक पाण्याच्या वाटेवर फुटला असेल, तरच पूर्ण इंजिन बदलण्याला अर्थ आहे.

बदलायचेच ठरले तर त्यासाठी मृगापासून पोळ्यापर्यंतचा काळ चांगला. पेरणी होऊन गेलेली असते, मालाची वाहतूक मंदावलेली असते, गॅरेजमध्ये गर्दी नसते आणि विक्रेत्याला आपली घाई दिसत नाही. दसऱ्याच्या तोंडावर इंजिन शोधणारा माणूस दोनशे पावलांवरून ओळखू येतो.

४९७ म्हणजे सगळे ४९७ सारखे नव्हे

४०७ मध्ये ४९७ हे इंजिन येते, आणि टाटाच्या या इंजिनांच्या नावातच त्यांची कुंडली असते. ४९७ मधील ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. १०० मिमी स्ट्रोक धरला की २९५६ सीसी हा आकडा येतो. याच पद्धतीने ६९७ म्हणजे त्याच व्यासाचे सहा सिलिंडर, आणि जुन्या सुमोतील ४८३ म्हणजे ८३ मिमीचे चार. विक्रेता “४९७ आहे, घेऊन जा” असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो; परंतु व्यास सारखा असला म्हणून इंजिन सारखे असते असे नाही. याच नावाखाली साधी, टर्बो नसलेली इंजिने आहेत आणि टर्बो-इंटरकूलर असलेलीही आहेत. टर्बोचे इंजिन साध्या गाडीत घालायचे तर इंटरकूलर, हवेचे पाइप आणि सायलेन्सरचा जोड या सगळ्यांची नवी जुळवाजुळव करावी लागते. कॉमन रेल असलेले, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणारे, इंजिन घ्यायचे तर त्याचा संगणक, सेन्सर आणि पूर्ण वायरिंगही सोबत घ्यावे लागते, आणि खेड्यातील गॅरेजमध्ये बसून ते निस्तरणे जवळजवळ अशक्य असते. मेकॅनिकल पंपाच्या गाडीला मेकॅनिकल पंपाचेच, त्याच प्रकारचे इंजिन घ्यावे.

इंजिन पाहायला जाताना आपल्या इंजिनाचे चारही बाजूंनी काढलेले फोटो मोबाइलमध्ये न्यावेत. फाउंडेशनचे (इंजिन चेसिसवर बसवण्याचे) ब्रॅकेट, चेंबरचा खोलगट भाग पुढे आहे की मागे, सेल्फची (स्टार्टरची) जागा, वॉटर बॉडीच्या तोंडांची दिशा, फ्लायव्हीलचा व्यास आणि इंजिन व गियरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाउसिंगच्या बोल्टांची मांडणी या गोष्टी जागेवरच ताडून पाहाव्यात. घरी आणल्यावर ब्रॅकेट जुळत नाही म्हणून वेल्डिंग करणे म्हणजे पुढच्या कटकटीला आमंत्रण आहे.

इंजिन कसे पाहावे

नागपूर, अमरावती, अकोला येथे जुन्या सुट्या भागांचे व्यापारी आहेत आणि अपघातग्रस्त गाड्या मोडणारेही आहेत. शक्य असेल तर गाडीतून अजून न काढलेले इंजिन शोधावे, कारण ते चालू करून पाहता येते. पोहोचल्याबरोबर ब्लॉकला हात लावावा. तो कोमट असेल तर आपण येण्यापूर्वी इंजिन चालवून ठेवले आहे. चहा घ्यावा, गावातील दुसरे काम उरकावे आणि ते पूर्ण थंड झाल्यावर परत यावे. थकलेले डिझेल इंजिन थंडपणीच खरे बोलते. सुरू होताना थोडा पांढरा धूर येऊन तो लवकर नाहीसा झाला तर काळजी नसते. निळसर धूर टिकून राहिला तर ऑइल जळते आहे. तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिला तर नोझल, कॉम्प्रेशन किंवा आत शिरणारे पाणी यांचा संशय घ्यावा, आणि रेडिएटरचे झाकण उघडून पाहता येत असेल तर पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते पाहावे. मात्र तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये; आधी ते थंड होऊ द्यावे. त्यानंतर ऑइल भरण्याचे झाकण काढून तोंडावर तळहात आडवा धरावा. थोडा फुंकर लागणे स्वाभाविक आहे, परंतु इंजिनाच्या ठोक्याबरोबर जोरात धूर येत असेल, ज्याला मिस्त्री बॅक मारणे म्हणतात, तर रिंगा संपलेल्या आहेत आणि ते इंजिन तेथेच सोडून यावे.

खाली उतरवलेले इंजिन घ्यायची वेळ आली तर तपासणी अधिक कसून करावी. क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवावे. चार-स्ट्रोक इंजिनाचे चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होते, म्हणून एका फेऱ्यावर समाधान मानू नये. प्रत्येक सिलिंडरच्या दाबाला हाताला सारखाच विरोध जाणवला पाहिजे. कॉम्प्रेशन मोजण्याचे साधन मिळाले तर चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांपासून सुमारे १० टक्क्यांच्या आत असावेत. एकाच सिलिंडरचा आकडा फार खाली असणे हे सगळ्यांचे आकडे थोडे कमी असण्यापेक्षा वाईट लक्षण आहे. फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढावे. खडखड असा स्पष्ट सरकाव जाणवला तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर गेले आहेत. विक्रेता तयार असेल तर चेंबर उघडून एक बेअरिंग कॅप काढून पाहावी आणि बेअरिंग स्टँडर्ड आहे की अंडरसाइज, हे त्याच्या पाठीवरील खुणेवरून वाचावे. क्रँक यापूर्वीच शेवटच्या मापापर्यंत घासला गेला असेल, तर पुढच्या वेळी त्याला भंगाराशिवाय गती नाही. चेंबर उघडू न देणारा विक्रेता कदाचित प्रामाणिकही असेल, पण मी अशा ठिकाणी पैसे देत नाही.

ब्लॉकवर ताज्या रंगाचा हात दिसला तर रंगाच्या खाली पाहावे. रंगाने गळती झाकली जाते, वेल्डिंगची शिवण झाकली जाते आणि घासलेला क्रमांकही झाकला जातो.

कागद

या भागाचा कंटाळा येतो म्हणून तो शेवटी करण्याची पद्धत आहे. तो पैसे देण्याच्या आधी करावा. इंजिन क्रमांक ही आरसीवरील नोंद असल्यामुळे तो बदलणे हा नोंदणी प्राधिकाऱ्याच्या अखत्यारीतील विषय ठरतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे. किमान दहा परिवहन वाहने असणाऱ्या मालकांना त्याच मेकचे व त्याच प्रकारचे इंजिन पूर्वमंजुरीविना बदलण्याची मुभा राज्य शासन देऊ शकते. एका ४०७ च्या मालकाला ती सवलत नाही, म्हणून त्याने आधी आरटीओकडे अर्ज करून मंजुरी घ्यावी. बदल केल्यानंतर १४ दिवसांच्या आत त्याची माहिती आरसीसह कळवायची असते. गाडी कर्जावर असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमती आधी घ्यावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि तेथे निरीक्षकाने क्रमांक ताडून पाहिला की न कळवलेला बदल उघडा पडतो.

विक्रेत्याकडून पक्के बिल घ्यावे आणि त्यावर इंजिन क्रमांक लिहून घ्यावा. ज्या गाडीतून इंजिन निघाले तिच्या आरसीची प्रत, आणि गाडी मोडीत काढली असेल तर तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सुविधेत इंजिन क्रमांक टाकून त्या वाहनाची चोरीची नोंद आहे का, हे पाहता येते. त्याचा निष्कर्ष छापून बिलासोबत ठेवावा. क्रमांकाची पट्टी ग्राइंडरने घासलेली, अक्षरे वाकडीतिकडी किंवा एकमेकांवर चढलेली दिसली तर स्वस्त किमतीचा मोह आवरून परत फिरावे. चोरीच्या इंजिनापायी गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहिली की तिच्या टायरांतून गवत उगवेपर्यंत ती सुटत नाही.

गाडीत बसवल्यावर ब्लॉकवरील क्रमांकापर्यंत हात पोहोचणे अवघड होते, म्हणून इंजिन जमिनीवर असतानाच क्रमांक डिझेलच्या फडक्याने स्वच्छ पुसावा, त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीचे आडवे शिसे फिरवावे आणि उमटलेला छाप तीन-चार कागदांवर घेऊन ठेवावा. चेसिस क्रमांकाचाही असाच छाप घ्यावा. आरटीओतील कामासाठी हे कागद उपयोगी पडतात. नवीन क्रमांक आरसीवर चढला की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीतही बदल करून घ्यावा.

काढणे आणि बसवणे

आमच्याकडे इंजिन उचलण्यासाठी कडुनिंबाच्या फांदीला चेन कप्पी बांधण्याची रीत होती आणि अजूनही काही ठिकाणी आहे. ती टाळावी. लोखंडी तिकाटणे चांगले, पण तेही पावसाळ्यात काळ्या मातीवर उभे करू नये. वरून कोरडी दिसणारी काळी माती भार पडताच एका पायाखाली खचते, तिकाटणे कलते आणि अधांतरी लटकलेले इंजिन माणसाच्या दिशेने झुलते. फरशी किंवा सिमेंटचा कोबा नसेल तर प्रत्येक पायाखाली रुंद लोखंडी पत्रा किंवा रेल्वे स्लीपरसारखी जाड फळी ठेवावी. कप्पी किमान एक टनाची असावी, आणि लटकत्या इंजिनाखाली हातसुद्धा घालू नये. गाडीला नुसत्या जॅकवर न ठेवता लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) बसवावे व मागच्या चाकांना दगड लावावेत.

बॅटरीची तार सर्वात आधी काढावी. पाणी व ऑइल काढून जाळी, रेडिएटर, होज पाइप, डिझेलच्या नळ्या, सायलेन्सरचा जोड, एक्सलेटर व स्टॉपची (इंजिन बंद करण्याची) तार, सेल्फ आणि डायनामोच्या वायरी या क्रमाने सोडवाव्यात. प्रत्येक जोड सोडण्यापूर्वी फोटो घ्यावा आणि वायरींना रंगीत दोरा किंवा टेप बांधावी. डिझेलच्या नळ्यांची व पंपाची तोंडे लगेच स्वच्छ प्लास्टिकने बांधून घ्यावीत, कारण आमच्या धुळीचा एक कण नोझलचे तोंड बिघडवायला पुरेसा असतो. बोल्ट एकाच घमेल्यात टाकण्याऐवजी ऑइलच्या रिकाम्या डब्यांत भागवार ठेवावेत. बेल हाउसिंगच्या बोल्टांची लांबी जागेनुसार वेगळी असू शकते आणि लांब बोल्ट चुकीच्या भोकात आवळला की आतला आटा किंवा कान तुटतो.

वापरलेले इंजिन जमिनीवर असतानाच त्याची जी कामे करायची ती उरकावीत. क्रँकचे मागचे ऑइल सील, वॉटर बॉडी, थर्मोस्टॅट, फॅन बेल्ट, सगळे होज पाइप, ऑइल व डिझेल फिल्टर आणि फाउंडेशनचे रबर हे डोळे मिटून नवीन घालावेत. मागच्या सीलची किंमत किरकोळ असते; पण ते इंजिन बसल्यानंतर गळू लागले तर गियरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग पाहून घ्यावे. डिझेल पंप व नोझल कॅलिब्रेशनच्या दुकानात तपासून आणावेत. मिस्त्रींनी माझ्याकडून आणखी एक काम करवून घेतले. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटेवर ज्या पत्र्याच्या टोप्या असतात, त्यांना कोअर प्लग म्हणतात. त्यांनी त्या काढायला लावल्या, आतला गंजाचा चिखल तारेने व पाण्याने धुऊन काढला आणि नवीन टोप्या ठोकल्या. घमेलेभर तांबडा गाळ निघाला. रेडिएटर दुरुस्तीवाल्याकडून टाक्या उघडून प्रत्येक नळीत पट्टी फिरवून घ्यावी. नळ्या फार कुजल्या असतील तर नवीन कोअर घ्यावा. या कामाचे पैसे वाचवणाऱ्याने इंजिनही विकत घेऊ नये.

बसवताना गियरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दात्यांतून सहज सरकला पाहिजे. प्लेट मध्यावर आणण्यासाठी जुना इनपुट शाफ्ट वापरावा. शेवटचे बोटभर अंतर राहिले की बोल्ट आवळून ते ओढून घेण्याचा मोह होतो. तसे केल्यास प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा हाउसिंगला चीर जाते. इंजिन थोडे वर-खाली करून आणि क्रँक थोडा फिरवून ते हाताने बसेपर्यंत धीर धरावा. इंजिनापासून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी घासून स्वच्छ करून लावावी. ती विसरली तर सेल्फचा प्रवाह एक्सलेटरच्या तारेतून वाट शोधतो आणि तार लाल होऊन जळते.

पहिला स्टार्ट

ऑइल आणि पाणी भरल्यावर डिझेलच्या वाटेतील हवा काढावी. फिल्टरवरील हवेचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहावे आणि बुडबुड्यांशिवाय डिझेलची सलग धार येऊ लागली की स्क्रू आवळावा. त्यानंतर स्टॉपची तार ओढून धरून सेल्फ १० ते १५ सेकंद मारावा, थांबावे आणि पुन्हा मारावा. ऑइलचा दिवा विझला किंवा दाबाचा काटा हलला की बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचले आहे. त्यानंतरच तार सोडून इंजिन सुरू करावे.

या वेळी एक माणूस हवेच्या तोंडापाशी जाड, सपाट फळी घेऊन उभा असावा. पंप चुकीचा बसला असेल किंवा इंजिन ऑइल ओढू लागले तर डिझेल इंजिन चावी बंद करूनही थांबत नाही, त्याचा वेग वाढतच जातो. अशा वेळी हवेचे तोंड फळीने पूर्ण बंद करणे हा खात्रीचा उपाय असतो. हाताने किंवा धोतराच्या सोग्याने ते कधीही बंद करू नये. इंजिन व्यवस्थित सुरू झाले तर ते थोड्या वेगावर तापू द्यावे, गळती पाहावी, रेडिएटरचा वरचा व खालचा होज हाताने चाचपावा आणि थर्मोस्टॅट उघडल्यावर खालचा होजही तापला याची खात्री करावी.

रेडिएटरमध्ये काय भरायचे, हा आमच्या भागात खरा प्रश्न आहे. “आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला,” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु कूलंट गंज रोखतो आणि पाण्याचा उकळबिंदूही वाढवतो, आणि आपल्याला त्याची गरज या दोन्ही कारणांसाठी आहे. तो बाटलीवरील प्रमाणात बॅटरीच्या शुद्ध पाण्यात मिसळावा. ते परवडत नसेल तर पावसाळ्यात पहिल्या तीन-चार सरींनी पत्रे धुऊन निघाल्यावर पन्हाळीचे पाणी फडक्यातून गाळून ड्रममध्ये साठवावे. बोअरचे पाणी मात्र अडचणीच्या वेळीसुद्धा गाव गाठण्यापुरतेच वापरावे आणि घरी आल्यावर काढून टाकावे.

पहिले ५०० किलोमीटर गाडीवर निम्मा भार घ्यावा, चढावर इंजिनाला कण्हायला लावू नये आणि रोज सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी ऑइल व पाणी पाहावे. ५०० किलोमीटरला ऑइल व फिल्टर बदलावे आणि जुना फिल्टर कापून पुन्हा उन्हात पाहावा. होजच्या क्लिपा, सायलेन्सरचे बोल्ट आणि फाउंडेशनचे नट पुन्हा एकदा आवळावेत. जुने इंजिन भंगारात देताना घेणाऱ्याकडून इंजिन क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी आणि ती आरसीच्या प्रतीसोबत ठेवावी. तो क्रमांक उद्या कोणाच्या गाडीत निघेल, हे सांगता येत नाही. मागच्या पोळ्यानंतर माझ्या ४०७ च्या केबिनमध्ये सीटमागे पावसाच्या पाण्याचे दहा लिटरचे एक कॅन असते, आणि त्यातले पाणी प्यायला मागणाऱ्या कापूस भरणाऱ्या मजुरांना मी आता वेगळी कळशी ठेवली आहे.